धुतलेली कानटोपी

सोमवार, ४ नोव्हेंबर
पाळणाघरात आज नवी पोर आली. दीड वर्षाची. आणि आई सतराची! अंगात दोन स्वेटर, डोक्यावर राखाडी कानटोपी, ती काही केल्या काढत नाही. मनातल्या मनात मी तिचं नावच कानटोपी ठेवून टाकलं. लेकीला ती चिमणी म्हणते, म्हणून आम्हीही चिमणी.

रात्री कुठे झोपता, विचारलं. "झोपतो कुठंतरी." पुढे विचारायची सोयच नव्हती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नव्या मुलाच्या उशाशी त्याच्या आईचं अंगावरचं कापड ठेवायचं, न धुतलेलं. त्या वासावर पोरं झोपतात. मी मागितलं तर हिनं सरळ टोपी काढून दिली. खाली केस कसेतरी कापलेले, स्वतःच कापले असणार. चिमणी टोपीत नाक खुपसून दुपारभर झोपली.

बुधवार, ६ नोव्हेंबर
इमारत एकच, पण नियम बघा! वरच्या मजल्यावर बेघर मुलींचं वसतिगृह, तिथे लेकरू चालत नाही. मागच्या बाजूला कुटुंबांच्या खोल्या, तिथे अठराच्या आतली आई चालत नाही. संस्थेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "मार्ग एकच आहे. चिमणीला दुसऱ्या घरी सांभाळायला द्यायचं, तू वर राहायचं. अठरा पूर्ण झाली की दोघींना खोली. पण मध्येच वसतिगृह सोडलंस, तर लेक परत मिळणं कठीण."

कानटोपी चिमणीच्या बुटाचा बंद सोडत होती, बांधत होती. मला इतका संताप आला की डबा तसाच घरी आणला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती! तपासणी होणार म्हणून सगळी पांघरुणं गरम पाण्यात टाकली, त्यात टोपीही. तिला धुराचा, ओलीचा वास येत होता. तपासायला येणाऱ्यांनी नाक मुरडायला नको — एवढाच विचार. आणि इतकी वर्षं मीच सगळ्यांवर ओरडते, वासाचं कापड धुवायचं नाही म्हणून!

लोकर आटून टोपी एवढीशी झाली. चिमणी झोपली नाही. रडून रडून ओकली.

संध्याकाळी कानटोपीनं टोपी डोक्यावर ओढून पाहिली. बसेना. "आता हिलाच बसंल," म्हणाली, आणि हसली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर
ती हो म्हणाली. "थंडी वाढलीय ताई. हिचा खोकला थांबत नाही."

मंगळवार, १२ नोव्हेंबर
चिमणी गेली. न्यायला आलेल्या काकू मायाळू आहेत, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. कानटोपीनं ती आटलेली टोपी चिमणीला घातली, हनुवटीखाली नाडी बांधली. सैल केली. पुन्हा बांधली. गाडी वळल्यावर पिशवी उचलून जिना चढू लागली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पलंग चांगला आहे हो, खिडकीजवळचा." काय बोलून गेले मी!

बुधवार, १३ नोव्हेंबर
कामावर गेले. आले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
सकाळीच काकूंचा फोन. "चिमणी टोपी फेकून देते हो. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तिच्या आईचं काहीतरी पाठवा ना, न धुतलेलं."

धावत वर गेले. म्हटलं, निदान उशीचा अभ्रा तरी पाठवू. वसतिगृहाच्या मावशी म्हणाल्या, "ती? मंगळवारी पिशवी ठेवून खाली जाते म्हणाली. मला वाटलं, तुमच्याकडेच असेल."

तरी पलंगापाशी गेले. पिशवी नव्हतीच. अभ्रा नाकाला लावला. नुसता साबणाचा वास. चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती.