बसप्रमाणे पाडलेले गट

मनामा, बहारीन, सोमवार, सप्टेंबर १९९६

नववीचे चार लहान गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळे शिक्षक, म्हणजे एवढ्या मोठ्या शाळेत एकही मूल हरवणार नाही. कल्पना मला मनापासून पटली होती. याद्या मीच केल्या, स्कूलबसप्रमाणे. सोयीचं म्हणून.

आज सुजाताचे वडील, कांबळे, विमानतळावरची शिफ्ट संपवून थेट शाळेत आले. यादीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मुहर्रकच्या कामगार चाळींतली पोरं सगळी एका गटात, रिफाच्या बंगल्यांतली दुसऱ्यात. आमच्या गावातही वस्ती अशीच वेगळी होती. तीसुद्धा कुणी मुद्दाम केली नव्हती म्हणे."

मी घाईने म्हणाले, "सुजाताला रिफाच्या गटात घेते ना."

"एकटीला नको. यादीच बदला."

आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

सोयीचं म्हणून, असं वर लिहिलंय. कुणाची सोय? या डायरीत तरी खरं लिहावं. यादीत पहिलं नाव मी माझ्या मुलीचं, अदितीचं लिहिलं होतं, रिफाच्या गटात.

आमची बस मनाम्याची आहे.