सालेकसावालीचा धान

माय,

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असताना तुला पत्र लिहायचं कधी सुचलंच नाही. आता तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज ऑफिसात बसून, हातातलं काम अर्धं टाकून लिहिते आहे. आमच्या पेपरात मुलांचं पान असतं. त्यात रोज एक शब्द, त्याचा अर्थ, समानार्थी शब्द आणि वाक्यात उपयोग. ते पान बघणारे साहेब रजेवर आहेत, म्हणून आजचा शब्द माझ्याकडे आला: वाचवणे. पान पाचला छपाईला सोडायचं होतं. अर्थ लिहिला, नाश होऊ न देणे. मग तारणे, सोडवणे, सावरणे, राखणे, उद्धारणे, सगळे दहा मिनिटांत ओळीने उतरवले. वाक्याशी आले आणि हात थांबला. 'जवानाने बुडणाऱ्या मुलाला वाचवले' हे वाक्य आम्ही इतक्या वेळा छापलं आहे की बोटं ते आपोआप टाइप करतात. टाइप केलं, पुसलं. यादीत नसलेला एक शब्द सारखा आठवत होता, आणि तो तुझा होता.

नव्व्याण्णवचा मे महिना. मला पेपरात लागून वर्षही झालं नव्हतं. सकाळच्या गाडीने गोंदियाला जायचं, प्रुफं तपासायची, संध्याकाळच्या गाडीने परत. आपण तिघं बिरसीला लग्नाला गेलो होतो आणि मागे दोन दिवस अवकाळी पाऊस पडला. घरी आलो तर आतल्या खोलीत छपराचे दोन कवेलू फुटलेले, आणि बरोबर त्यांच्या खाली बियाण्याची ढोली. तू झाकण काढून कोपरापर्यंत हात घालतेस. हात बाहेर येतो तेव्हा त्याला वाफ लागलेली आहे आणि तळव्यावर दाणे चिकटलेले, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा मोड. खालचेही दाणे फुगलेले. तू रडली नाहीस. छपरावर उड्या मारून कवेलू फोडणाऱ्या माकडांना एक लांबलचक शिवी दिलीस आणि गोणपाट आणायला सांगितलंस.

तो धान तुझ्या माहेरचा होता. लग्नात तू सालेकशाहून पदरात बांधून आणलेला, बारीक, आखूड, वासाचा. आपल्या चुलीवर शिजायला लागला की गल्लीतली कुत्रीसुद्धा दाराशी येऊन बसायची. तुझ्या माहेरीही तो पेरणं एव्हाना सगळ्यांनी सोडलं होतं. म्हणजे जगात जेवढा होता तेवढा त्या ढोलीत होता, आणि मोड आलेलं बियाणं परत वाळवून ठेवता येत नाही. ते पेरायचं किंवा फेकायचं. मे महिन्यात धानाच्या बांधीत नुसती ढेकळं असतात, आणि आपल्याकडे चोरखमाऱ्यासारखा तलाव नव्हता की कालव्याचं पाणी येईल.

"कायले मरून राहिली?" बाबूजी म्हणाले. "दुकानात बिजाई भेटते."

"दुकानात धान भेटते," तू म्हणालीस. "हा नाही भेटत."

मग विहिरीमागे तू खाटेएवढा वाफा केलास. चिखल तुडवलास, मोडाचे दाणे फेकलेस, पाखरांसाठी वरून बोरीच्या काट्या टाकल्यास आणि पाणी घालायला लागलीस. विहिरीचा तळ दिसत होता. पहाटे पितळेचे दोन गुंड भरून, दिवस मावळताना दोन गुंड, रोज. पहिल्या आठवड्यात कोवळी हिरवी रोपं वर आली, तेव्हा मी एकदा म्हटलं की वाचले ना पऱ्हे, आता एक दिवस नाही घातलं तर काय होते. तू रिकामा गुंड खाली ठेवलास आणि सांगितलंस, "वाचवणं एका दिवसाचं काम हाये. जगवाले दिवस लागते."

माझ्या हातून एकदा घोळ झालाच. तू तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली होतीस आणि संध्याकाळचं पाणी माझ्याकडे होतं. मला मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून भर दुपारी घालून मोकळी झाले. वाफ्यात साचलेलं पाणी उन्हाने तापलं आणि एका कडेचे पऱ्हे शिजल्यासारखे पिवळे पडले. तू आलीस, वाफ्यात बोट बुडवून पाहिलंस. "एवढी शाळा शिकली, पाणी घालाले नाही शिकली," एवढंच म्हणालीस. जेवायला वाढलंस, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. आजही पेपरात काही चुकलं की मला साहेबांचा चेहरा दिसत नाही, ते तुझं बोट दिसतं.

त्या वर्षी पाऊस लांबला. बाकीच्यांचे पऱ्हे जेमतेम उगवले होते आणि तुझे गुडघ्याला लागत होते. शेजारची काकू रोज विहिरीवर येऊन टोमणा मारायची, "पोरगी घरातच, अन् पऱ्ह्याचं लगन पहिले." तू म्हणायचीस, पऱ्हे ऐकते तरी. रोवणीला तू वाढलेले शेंडे विळ्याने छाटलेस आणि रोपं दाट लावलीस. दिवाळीनंतर एका लहान बांधीतून जे निघालं ते दोन टोपल्यांत मावलं. त्यातलं शिजवायला एक मूठही घेऊ दिली नाहीस. बियाणं एका घरात ठेवायचं नाही, असं म्हणून तू आपलं घर धरून तीन घरी वाटलंस, आणि पहिलं माप त्या टोमणे मारणाऱ्या काकूच्या पदरात टाकलंस.

बरं केलंस. तू गेल्यावर बाबूजींनी शेती दुसऱ्याला बटईने कसायला दिली आणि आपल्या घरातलं बियाणं तीन वर्षांत संपलं. तिसऱ्या घरानेही पेरायचं सोडलं. काकूची सून मात्र अजून पेरते. दर हिवाळ्यात मला एक पिशवी पाठवते. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेले तेव्हा गावाबाहेरचा एक माणूस बियाणं मागायला आला होता. तो म्हणाला, सालेकसावालीचा धान पाहिजे. गावात तुला तुझ्या नावाने कुणी हाक मारली नाही, सगळ्यांना तू सालेकसावाली. त्याने तुला पाहिलेलंही नव्हतं. मी उंबऱ्यातच बसून राहिले, आणि मान ताठ करून बसले, सांगते.

तर आज समानार्थी शब्दांत सगळ्यांच्या आधी 'जगवणे' टाकला आणि वाक्य लिहिलं: सालेकसावालीने भिजलेले बियाणे दीड महिना पाणी घालून जगवले. पान लावणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, ये सालेकसावाली कौन है?" मी म्हटलं, "मेरी माँ." त्याने वाक्य तसंच ठेवलं. पान गेलं.

हे पत्र कुठे जायचं नाही. घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवीन. एक गोष्ट मात्र त्यात लिहायची आहे. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. तू घरी नव्हतीस. अँटिना फिरवायला मी छपरावर चढले होते. पायाखाली दोनदा आवाज झाला, तो मी ऐकला होता. तू दीड महिना पाणी घालताना माकडांना शिव्या देत होतीस, आणि मी दुसरा गुंड घेऊन तुझ्या शेजारी उभी होते.