सातचा मेसेज

मंगळवार, पिपरी मेघे

कंपनीच्या मेनफ्रेम या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवरचा डेटा नव्या डेटाबेसमध्ये नेणारा माझा जुना प्रोग्राम आज मीच बंद केला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी सातला त्याचा मेसेज यायचा, 'काम झालं'. त्याच्या जागी लिहिलेला नवा प्रोग्राम काही बिघडलं तरच कळवतो. तेही माझंच डोकं. चांगलं चाललंय हे रोज काऊन सांगायचं?

सात वाजले. फोन गप्प, म्हणजे सगळं ठीक. तरी साडेसातपर्यंत फोनकडे पाहतच बसलो. या घरात दुसरं बोलतं कोण म्हणा.

शेवटी पुण्यात मुलीला फोन लावला. उचलल्याबरोबर घाबरून म्हणाली, "काय झालं, बाबा? तब्येत बरी नाई का?"

"काही नाई झालं," म्हटलं. तेवढंच सांगायला फोन केला होता, हे मात्र सांगता आलं नाही.