कवेलूवरचे कोहळे

२४ सप्टेंबर ५७
काल पितर आटपले. आज शेटजीकडे जाऊन आली. यांनी हे घर बांधताना शेटजीकडेच गहाण टाकलं, अन् भिंतीले चुना लागायच्या आधी स्वतः गेले. तेव्हापासून मी व्याजच भरून राह्यली, मुद्दल जागच्या जागी. आज सांगून टाकलं, पुढच्या वर्षी सगळं एका हाती देते.
शेटजी हसले. "सुईणीच्या पगारात?"
म्हटलं, पगारात अन् कोहळ्यात, पुस्तकात ज्याले लाल भोपळा म्हणतात त्याच्यात. पितरपाखात घरोघरी कोहळ्याचे बोंडं तळतात अन् बाजारात कोहळं भेटत नाही, हे यंदा डोळ्यानं पाहिलं.
"कधी देता मग?" पितर झाले की. "तसं नाही बाई, तारीख सांगा." दवाखान्याच्या रजिस्टरात रोज तारीख लिहिते, तशीच विंग्रजी तारीख तोंडात आली. ३० सप्टेंबर. त्यांनी लगेच कागदावर चढवली. त्या दिवशी पैसे नाही तर घर त्यांचं.
सासूले येऊन सांगितलं, पितर झाले की फेडते म्हणून. म्हणे, "एवढं तोंड वाजवाले तुले कोनं सांगतलं होतं?"

१२ नोव्हें.
दसऱ्यापासून भाजीवर दमडी खर्चली नाही. परसात पालक, सांभार, वांगे, भेदरे. भाजीवाली दारावरून जाते अन् मान फिरवते. रुसली. रुसू दे. वांग्याची भाजी, वांग्याचं भरीत, परत वांग्याची भाजी. सासू म्हणे, आता माह्या अंगाले काटे फुटतीन. वाचलेला पैसा डब्यात.

६ जाने. ५८
सासूच्या बहिणीनं मारेगावच्या बाजारातून कोहळं आणलं. फोडायले रशीदभाईले आवाज दिला. बाजूच्या घरातला, ट्रक दुरुस्त करते. यांच्या माघारी आमच्या घरात माणूस नाही, अन् अख्ख्या कोहळ्यावर बाईनं पहिला वार करायचा नाही. कोहळं म्हणजे थोरला लेक, असं सासू म्हणते. तर पहिला वार रशीदभाईचा, मग पावशीवर फोडी आम्ही करतो. भाई म्हणे, "भाभी, पुढच्या सालात तुमच्या घरचे कोहळे फोडता फोडता माझा खांदा उतरनार." तोंडात साखर पडो.
यातलंच बी धुऊन राखेत ठेवलं.

२१ एप्रिल
आखाजी. वेलाचं बी आजच लावा लागते. परसात जागा किती, खाट टाकली तर उरत नाही. म्हणून आळी भिंतीच्या बुडाशी केली, वेल वरते कवेलूवर चढवायचे. छपराले दुसरं काम काय आहे?
पाण्याचं: सासू ज्या दगडावर बसून आंघोळ करते तो दगडच आळ्यापाशी नेला. म्हातारी दिवसभर बोलली नाही. आंघोळ मात्र तिथंच केली.

२९ मे
ऊन असं की पान दुपारी लोळते. विहीर तळाले. दवाखान्यात अवजारं उकळलेलं पाणी गार करून बादलीनं आणून राह्यली. कंपाउंडर म्हणे, बाई, वेलाले जंतू लागतीन याची धास्ती आहे का? म्हटलं, माझे वेल तुमच्या हातापेक्षा चोख आहेत.
एक वेल गेला. बाकीचे कवेलूले लागले.

१८ जुलै
आज डोळ्यापुढं अंधारी आली. बाळंतीण सोडवली, तिची माय म्हणे, धोंड्याच्या महिन्यात नात आली. म्हटलं, कोणता धोंडा? कालपासून लागला म्हणे. घरी पळत आली. सासू म्हणे, "यंदा दोन सावन हायेत. पितर महिनाभर सरकले."
दिनदर्शिका पुढं घेऊन बोटावर मोजलं. पितर २९ सप्टेंबरले बसतात. माझा वायदा ३० चा. कोहळे विकाले एक दिवस. एका दिवसात कोण घेते एवढे?
"तुम्हाले माहीत होतं, मग बोलल्या काहून नाही?"
"तू मले पितर झाल्यावर म्हटलं होतं. विंग्रजी तारीख देऊन आली हे मले कोन सांगन?"
खरं आहे. सारा मुलूख तिथीनं जगते, शेटजीसुद्धा. अन् मी एकटी शहाणी रजिस्टर घेऊन बसली.

२ ऑगस्ट
शेटजीकडे गेली, वायदा पितरापर्यंत सरकवा म्हटलं. "कागदावर पितर नाही बाई, तारीख हाये." संध्याकाळी स्वतः घर पाहाले आले. दारात उभं राहून सरळ बोट केलं, "हे काय चढवलं माझ्या कवेलूवर? कवेलू फुटले तर कोन भरन?"
*माझ्या* कवेलूवर. अजून दोन महिने बाकी आहेत अन् माझ्या म्हणते.
सासू खाटेवरून ओरडली, "बोट दाखवू नका हो, कोवळे फळ कुजतात." बोट काही खाली नाही गेलं.

७ ऑगस्ट
तीन बाळकोहळे पिवळे पडून गळले. सासू शेटजीच्या सात पिढ्या काढून राह्यली. मले ठाऊक आहे, चार दिवस झड होती, फुलावर माशी फिरकली नाही, म्हणून गळले. ठाऊक असूनही शेटजीले मनातल्या मनात चार दिल्या. बरं वाटलं.

३१ ऑगस्ट
छपरावर बाकीचे चांगले भरले. देठ वाळाले लागले. सासू अंगणात खाट टाकून राखण करते, माकडाले काठी, पोराले शिवी.
रशीदभाईशी बोलली. भाई म्हणे, "पितर पितर काय करता भाभी. राजूरले चला. खाणीत परमुलखातले लोक, त्यांच्यात कोहळं बारमाही खातात." ट्रकवाला त्याच्या ओळखीचा आहे. रविवारी जायचं. मी आजपर्यंत बाजारात बसली नाही. सुईणबाई कोहळे घेऊन बसली म्हणून लोक काय म्हणतीन? म्हणू दे. घर गेल्यावरही म्हणतीनच.

८ सप्टें.
काल राजूर. हे सगळं लिहून ठेवायचं आहे, हात दुखते तरी.
पोत्यावर कोहळे मांडले. बाया आल्या, उचलून पाहिले, ठेवून दिले. एवढं मोठं अख्खं कोण नेईन? फोड पाहिजे. रशीदभाई ट्रकचं चाक पाहाले गेलता. एक म्हातारी म्हणे, "पहिला हात मानसाचा लागते बाई, तुह्यासंगं कोनी नाही का?" दुसरीनं शेजारच्या कांदेवाल्याले विचारलं, तो म्हणे माझं गिऱ्हाईक कोण पाहीन. घटका गेली. बाया पांगाले लागल्या.
माझं डोकं फिरलं. म्हटलं, अर्ध्या तालुक्यातल्या लेकरांच्या नाळा या हातानं कापल्या, थोरले, धाकटे, जुळे. एकाले काही झालं नाही. अन् कोहळ्याले भ्यावं? कोयता घेतला अन् हाणला. एका वारात दोन फाका. आतून असं पिवळंधमक निघालं की मीच पाहत राह्यली.
 मग तीच म्हातारी पदर पसरून म्हणे, "मले अर्धा शेर दे. बी नको काढू, मले लावायचं हाये."
मग रांग. भाई परत आला तर मी कोयता चालवून राह्यली. म्हणे, "भाभी, मेरी नौकरी गई." एकही कोहळं परत आणलं नाही. ट्रकमध्ये मागं पोत्यावर बसून आली अन् पूर्ण रस्ता हसत होती.

९ सप्टें.
सासूले सांगावं का नाही, रात्र त्यात गेली. सकाळी सांगितलं.  न्याहारी झाली, तिनं छपरावरून उतरवलेलं एक कोहळं उचलून आणलं, माझ्यापुढं ठेवलं अन् पावशी सरकवली.
"काप. भाजी करायची हाये."

२२ सप्टें.
काल तिसरी खेप. आता राजूरच्या बाया नावानं हाक मारतात. एकीची तारीख जवळ आहे, ती म्हणे, येताना कोहळंही आण अन् मलेही पाहून जा. दोन्ही केलं. डबा भरत आला.

३० सप्टें.
सकाळीच दिले. शेटजीनं दोनदा मोजले. मग जुना कागद काढला, फेड झाली म्हणून लिहिलं, सही केली, माझ्या हाती दिला.   
पायरीपर्यंत आली तर मागून आवाज, "बाई, बाबाचं पितर परवा हाये. बाजारात कोहळं नाही." म्हटलं, आहे माझ्या कवेलूवर. पितराचा भाव पडन. घासाघीस न करता दिला.
घरी आली, दाराच्या चौकटीले हात लावला अन् रडली. पोटभर. यांनी हे घर पुरं पाहिलं नाही, ते आज फार लागलं. सासूनं रडू दिलं. मग म्हणे, आता तो कागद चुलीत टाक. संध्याकाळी बोंडं तळले, रशीदभाईच्या घरी परात भरून पाठवले.

४ ऑक्टो.
शेटजी दवाखान्याच्या फाटकाशी उभे. आमच्या परसाले लागून त्यांची रिकामी जागा आहे, विहिरीसकट, ती विकून राह्यले. पहिले तुम्हाले विचारतो म्हणे. पैसे? "घर हाये की तुमचं. त्याच्यावर लिहून देऊ."
नाही म्हणायले तोंड उघडलं, अन् विचारलं, विहिरीले उन्हाळ्यात पाणी राह्यते का?
राह्यते म्हणे.
सासूले अजून सांगितलं नाही. मघा भांडे घासायच्या निमित्तानं त्या जागेत जाऊन आली. माती काळी आहे. वांगे तर होतीनच, ऊसही होईन.
कागद चुलीत टाकला का म्हणून सासूनं आताच विचारलं. हो म्हटलं. तो माझ्या उशीखाली आहे. मागची बाजू अजून कोरी आहे.