राज्य मार्गावरील अठ्ठावन्नाच्या दगडाबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते उपविभाग कार्यालय.

विषय: अर्जदाराच्या घरासमोरील दगडावर ५५ ऐवजी पूर्वीचा ५८ हाच आकडा राहू देण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची नोटीस, 'दगडावर विनापरवाना रंगकाम केल्याबद्दल खुलासा करणे'.

अर्जदार: निवृत्त मैलकुली, राहणार सदर दगडासमोर.

महोदय,

खुलासा एका ओळीचा आहे. रंगकाम अर्जदारानेच केले. दगडाचा आकडा हा सरकारचा शब्द असतो, त्याला हात लावायचा नाही, हे नव्या मजुरांना अर्जदारच शिकवीत असे. तरीही हात का लावला, ते पुढीलप्रमाणे.

१. सदर रस्ता बंदरावरून निघतो, मिठाच्या वखारींमागून वीटभट्ट्यांकडे येतो, नदी ओलांडतो आणि चढ चढत खाणीपाशी संपतो. आधी ती गाडीवाट होती, मग खडी पडली, मग डांबर. राज्य मार्ग झाला त्या साली मैलांचे दगड काढून किलोमीटरचे बसवायचा हुकूम आला. अर्जदाराचे लग्न त्याच महिन्यातले. बायकोही टोळीतच खडी फोडायला होती. छत्तिसाव्या मैलाचा दगड दोघांनी मिळून उपटला, अठ्ठावन्नाचा रोवला आणि त्याच्यासमोर खात्याने दिलेल्या खोलीत चूल मांडली.

२. अर्जदाराला फक्त आकडे काढता येतात, तेही वाकडे. म्हणून आमच्या हद्दीतल्या दगडांवरचे आकडे सत्तावीस वर्षे तिनेच काढले. मुकादम चेष्टेने म्हणायचा, "बाई, तुझा पाच पोटुशी दिसतो." ती म्हणायची, "दिसू दे. कुणीतरी दिसायला हवं ना." आम्हांला मूलबाळ झाले नाही, साहेब. दगड राखले.

३. गेली चार वर्षे तिचे ध्यान सुटले आहे. आधी भांड्यांची नावे गेली, मग भावंडांची, मग स्वतःचे. राहिले ते आकडे. रोज सकाळी ती हद्द बघायला निघे. साठाचा दगड दिसला की वळे, अठ्ठावन्न दिसला की घरात शिरे. अर्जदार चार पावले मागे राहून चालत असे. गुडघे गेल्यापासून तो दारातच बसून वाट पाही, कारण ती चुकत नसे.

४. मागील वर्षी नदीवर नवा पूल झाला. जुना रस्ता उथळ पात्र शोधत वळसा घेई, तो सुटला आणि मार्ग तीन किलोमीटरने कमी झाला. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुलापुढील प्रत्येक दगडातून तीन वजा झाले. त्या दिवशी ती पाच किलोमीटर पायपीट करून साठावर गेली आणि येताना ज्या दगडावर आता अठ्ठावन्न आहे, त्याच्यासमोरच्या पंक्चरच्या दुकानात शिरली. केरसुणी मागितली. दुकानदाराला म्हणाली, "टायर बाहेर ठेव, घर आहे हे." तो भला माणूस. मावशी, मावशी करीत त्याने तिला दुकान झाडू दिले आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून आणून सोडले.

५. ती उंबऱ्याशी थांबली. दगडाकडे बोट करून अर्जदाराला म्हणाली, "दादा, तुम्ही भले दिसता. पण हे पंचावन्न आहे. माझा माणूस अठ्ठावन्नवर राहतो, तो जेवायचा थांबला असेल. मला तिकडे पोचवा."

त्यानंतर रोज हेच. अर्जदाराने समजावले, हातापाया पडला, एकदा रागावलासुद्धा. तिने पदर डोक्यावर घेतला आणि परक्या पुरुषासमोर उभे राहावे तशी भिंतीशी उभी राहिली.

६. म्हणून अर्जदाराने काळा रंग आणला आणि पंचावन्न पुसून अठ्ठावन्न काढले. पाच तिच्यासारखा जमला नाही. पण दुपारी दुकानदाराने तिला आणून सोडले तेव्हा तिने दगड वाचला, चप्पल काढली आणि आत येऊन म्हणाली, "अहो, जेवलात का?"

साहेब, असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी आपली माणसे आली आणि पुन्हा पंचावन्न लिहून गेली. लिहिणारा अर्जदाराच्याच हाताखाली शिकलेला. मान वर न करता लिहीत होता. त्याला दोष नाही.

७. तरी विनंती, की दगडावर अठ्ठावन्न राहू द्यावे. नियमात बसत नसल्यास जुन्या वळणाचे तीन किलोमीटर या मार्गात धरावेत. तिथे आता गवत आहे, गाड्या नाहीत, पण रस्ता अजून आहे तिथेच आहे. तेही नसल्यास एका मार्गावर दोन अठ्ठावन्न असावेत. गाडीवाले वेगात जातात, कुणी मोजत नाही. त्या आठ दिवसांत कुणी वाट चुकल्याचे ऐकिवात नाही. आणि यातले काहीच शक्य नसल्यास साहेबांनी एकदा स्वतः येऊन तिला सांगावे, की पंचावन्नवरचा माणूस तिचाच आहे. खात्याचा शब्द ती मानते.

८. विनापरवाना रंगकामासाठी जी शिक्षा असेल ती मान्य आहे.

९. ही सवलत कायमची मागत नाही. फक्त तिच्या हयातीपुरती. तिच्यामागे अर्जदार त्याच दिवशी स्वतःच्या हाताने दगडावर पंचावन्न लिहील. त्यासाठी कार्यालयाने माणूस पाठवू नये, आणि अर्जदार वेगळे कळवणारही नाही. जाता-येता दगडावर पंचावन्न दिसले, की समजून घ्यावे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
(डाव्या हाताचा अंगठा)
निवृत्त मैलकुली

दि. ९ फेब्रुवारी

सोबत: १. नोटिशीची प्रत. २. पत्नीच्या आजाराबाबत डॉक्टरांचा दाखला. ३. पंक्चर दुकानदाराचे ना हरकत पत्र. मावशी केव्हाही आल्या तरी त्याची हरकत नाही, असे त्याने लिहून दिले आहे.