आडभिंतींसाठी साग की प्लायवुड

बोरिवली, रविवार, ९ डिसेंबर १९८४

गोराईहून आत्ताच परतलो. बाबांच्या शिडाच्या होडीतल्या दोन्ही आडभिंती कुजल्या आहेत. टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला. याच भिंती होडीच्या दोन्ही कुशी आवळून धरतात, म्हणून बदलणे भागच आहे.

बाबांना सविस्तर समजावले. सागाची फळी ओलाव्याने रुंदीत फुगते आणि तिची कड होडीच्या अंगाला रेटा देते. मरीन प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते फुगत नाही. मात्र त्याची प्रत्येक कड रेझिनने बंद करून वाळवायची, म्हणजे हा हंगाम गेलाच. केवढ्या उत्साहाने सांगत होतो मी!

"साग अंगणात सुकून तयार आहे ना?" बाबांनी विचारले.

"आहे. पण प्लाय वीस वर्षं टिकेल, बाबा."

"वीस वर्षं कुणाला रे?"

डॉक्टरांचे म्हणणे त्यांना कुणी सांगितले? आईने? मी तर नाही.

उद्या रजा टाकतो आणि साग कापायला घेतो. कडेला थोडी फट ठेवली, तर फुगला तरी रेटा बसणार नाही. दोन हंगाम सहज निघतील. बाबांचा एक तरी निघावा.