घड्याळजींच्या नावावरचं दुखणं

७ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी वही-पेन घेऊन बसलेल्या बहिणीची टवाळी करण्यात तू दीड पान घालवलंस आणि अप्पांची खुशाली अर्ध्या ओळीत उरकलीस. चालू दे.

वर्ग इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी भरतो. आम्ही अकरा जणी. मी सगळ्यांत थोरली. पहिल्या दिवशी एक पोरगी मला बाई समजून उठून उभी राहिली. परीक्षा अठरा मार्चला. पास झाले तर रेकॉर्ड खोलीत टेबल-खुर्ची, नापास झाले तर आहेच तीन मजले फायली वाहणं.

शब्द वाटतात तितके अवघड नाहीत रे. आगगाडीसारखे डबे जोडायचे. पुढे अवयव, मागे त्याला काय झालं ते. दाह असेल तर 'आयटिस', कापून काढलं तर 'एक्टमी', वाढलं तर 'मेगाली'. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे भयंकर नव्हे, अचानक उपटलेलं. 'क्रॉनिक' म्हणजे मुक्काम ठोकलेलं. 'निगेटिव्ह' आलं तर हसायचं, 'पॉझिटिव्ह' आलं तर धसका घ्यायचा. आणि डॉक्टरांनी 'अनरिमार्केबल' लिहिलं तर रुसायचं नाही. त्याचा अर्थ सगळं जागच्या जागी आहे.

अप्पांना सांग, सोळाव्या वर्षी शाळा सोडवून जिला शिलाई मशीनवर बसवलं, ती पुन्हा बाकावर बसली आहे. टोमणा नाही, बातमी आहे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग-लोभ आहे तसाच ठेव, दोन्हींची सवय आहे.
तुझी, ठकू

१९ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे शब्द मी लगेच वापरात आणले. धाकटे काका क्रॉनिक. तुझ्या वहिनीची आई अ‍ॅक्यूट; कळवून येत नाही. आणि माझ्या वीस वर्षांच्या नोकरीवर साहेबांनी जो शेरा लिहिला आहे, तो 'अनरिमार्केबल' असाच. इतकी वर्षं मी उगाच रुसलो होतो.

पाणीपुरवठा कार्यालयातलं माझं काम तुला माहीत आहेच. लोक लिहितात, नळाला पाणी नाही. मी लिहितो, आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे. तो विभाग कुठे आहे हे मलाही अजून सापडलेलं नाही.

टोमणा पोचला. पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने फोडायचं आणि अप्पांपुढे मोठ्याने वाचायचं, हा घरचा कायदा तुझ्या पश्चातही चालू आहे. वहिनी वाचत होती. शाळेच्या ओळीला अप्पांचं मशीन थांबलं. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली आणि सुई ओवायला घेतली.

जेवण त्यांचं जरा कमी झालं आहे. दातांवर ढकलतात. एकदा दाखवून आणतो. तू त्यात डोकं घालू नकोस, पुस्तकात घाल.

पत्र पाठवत जा. घरात तेवढाच एक शहाणा आवाज येतो.
दादा

१० फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

अप्पांना दाखवलं. वयोमानाचं आहे म्हणाले. ते सोड.

तुझ्या विद्येची आज खरी गरज पडली आहे. आपले घड्याळजी, म्हणजे तळमजल्यावरचे, रोज चारच्या ठोक्याला अप्पांशी बुद्धिबळ खेळायला येणारे, त्यांची तपासणी झाली. डॉक्टर घाईत होते, एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. घरच्यांनी माना डोलावल्या. अर्थ विचारायची लाज वाटली, की ऐकायची भीती, कोण जाणे. तक्रारीला उत्तर कसं टाळतात हे मला कळतं, पण समोरचा टाळत नसला की माणसाने काय करावं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

कागदावर आहे ते असं: हेपॅटोमेगाली, असायटिस, कॅकेक्सिया. त्यापुढे मेटास्टॅटिक. शेवटी उपचाराच्या रकान्यात एकच शब्द, पॅलिएटिव्ह. अर्थ नीट लिही. परीक्षेत लिहिशील तसा, गोड करू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
दादा

ता. क. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. विसरू नकोस.

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बिचारे घड्याळजी. माझ्या लग्नात त्यांनी दिलेलं गजराचं घड्याळ नवऱ्यापेक्षा जास्त टिकलं.

ऑफिसच्या पत्त्यावर पाठव म्हणालास, पण मुद्दाम घरीच पाठवते आहे. अप्पांना ऐकू दे, त्यांची मुलगी काय काय शिकली ते. वहिनी, चारच्या आत वाचून टाका, म्हणजे घड्याळजींच्या कानावर जायला नको.

हेपॅटोमेगाली: यकृत वाढणं. असायटिस: पोटात पाणी साठणं. (शेवट सारखा वाटला तरी इथे दाहाचा संबंध नाही. बाई यावरच फसवतात, मी फसले नाही.) कॅकेक्सिया: रोगाने अंग झडणं, खाल्लेलं अंगी न लागणं. मेटास्टॅटिक: कर्करोग मूळ जागा सोडून दुसरीकडे पसरलेला. पॅलिएटिव्ह: आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर माणसाला त्रास कमी व्हावा म्हणून केलेले उपचार.

हे पाचही शब्द एका कागदावर एकत्र आले की बहुधा गोष्ट वर्षांची नसते, महिन्यांची असते. कधी तेवढीही नाही. त्यांच्या घरच्यांना कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं. लेकीबाळी लांब असतील तर बोलावून घ्यायला हवं. अशा वेळी लपवालपवी करणाऱ्यांचा मला संताप येतो.

बाईंनी ही उत्तरं तपासली. दहापैकी दहा.

अप्पांना साष्टांग नमस्कार. तुमच्या सगळ्यांची शाबासकी उलट टपाली यावी.
ठकू

३ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

पत्र घरी का पाठवलंस? असो. मजकूर योग्य त्या व्यक्तींपर्यंत पोचला.

अप्पा काहीतरी शिवत बसलेले असतात. मी खोलीत गेलो की झाकून ठेवतात. मी त्यांना रोज घड्याळजींची तब्येत विचारतो, तेही सांगतात.

परीक्षा होईपर्यंत इकडे यायचा विचारही करू नकोस. हा अप्पांचा हुकूम आहे, माझा नाही. माझा हुकूम तू कधी मानला आहेस?

दादा

२५ फेब्रुवारी
(पाकिटावर: दादाने हे बंद पाकीट अठरा मार्चला पेटीत टाकावं. आधी नाही. फोडायचं नाही.)

चि. ठकूस,
अप्पांचे आशीर्वाद.

ओळी वाकड्या जातील, समजून घे. तुझं पत्र सुनेने वाचलं. घड्याळजींचं नाव आलं तशी ती थांबली. मी म्हटलं, पुढे वाच.

चारला घड्याळजी आले. दोन कप चहा, अर्धा डबा बिस्किटं, आणि मला बाविसाव्या चालीत मात. दोन जिने चढून आले तरी धाप नाही. मी त्यांना उभं केलं, म्हटलं, तुमचा कोट शिवायचा आहे, मापं द्या. पाच वर्षांपूर्वीची मापं वहीत आहेत. छाती तीच, खांदे तेच, कमर एक इंच जास्त. तो माणूस मला पोचवून वर आणखी दहा वर्षं खेळेल.

ते गेल्यावर स्वतःची मापं घेतली. छाती चार इंच उतरलेली, पोट तीन इंच वाढलेलं. असा माणूस मी उभ्या जन्मात शिवला नव्हता. डिसेंबरपासून मी सदऱ्याला खांद्यात टीप घालत होतो आणि पायजमा कमरेला उसवत होतो. हातांना कळलं होतं. फक्त नाव माहीत नव्हतं, ते तू दिलंस. वाईट वाटून घेऊ नकोस. अर्थ बरोबर होते आणि तुझ्या तोंडून कळले.

दादाला बोललो नाही. तो तोंड लांब करून घड्याळजींची चौकशी करतो, मी म्हणतो, आज जरा बरे दिसले. त्याला तेवढंच बरं वाटतं.

तुला आत्ताच बोलवावं असं रोज वाटतं. पण तुझं नाव मी एकदा शाळेतून काढलं आहे. डोळे दुखतात, मदतीला हवीस, असं सांगितलं होतं. डोळे ठणठणीत होते. दुकानात हात हवे होते आणि मुलाचे हात मागायची माझी छाती झाली नाही. आता परीक्षेच्या तोंडावर बोलावलं तर दुसऱ्यांदा नाव काढल्यासारखं होईल. ते मी करणार नाही, मग भेट होवो न होवो.

तुझ्या नोकरीसाठी पांढरा कोट शिवतो आहे. माप अंदाजाने धरलं. शिवणीत माया भरपूर ठेवली आहे, लागेल तशी उसवून घे.

आपला आशीर्वाद पुरेल तितका घे, उरला तर दादाला दे.
अप्पा

१२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. अकरा जणींत पहिली. आज रेकॉर्ड खोलीतल्या खुर्चीवरून लिहिते आहे.

अप्पांचं पत्र एकवीसला मिळालं. पाकिटाला बाहेरून तुझी चिठ्ठी चिकटवलेली होती, दोन शब्दांची: लगेच ये. तुझ्या हातून उतरलेलं ते पहिलं सरळ वाक्य असावं. बावीसला मी दारात पोचले. त्यांची शुद्ध त्याच्या आदल्या दिवशीच हरपली होती. दोन दिवस मी हात धरून बसले आणि सगळे शब्द मला पाठ होते. श्वासांमधलं अंतर वाढतं त्यालाही एक नाव आहे. मी वहिनीला सांगितलं नाही.

तुझा राग आला आहे. हा अ‍ॅक्यूट नाही, क्रॉनिक आहे. त्याच्यासोबत राहायला शिकावं लागेल, दोघांनाही. पण स्वतःचा जास्त येतो. तुझ्या पत्रात तू लिहिलं होतंस, आम्हाला कुणी शिकवलं नाही. घड्याळजींच्या घरच्यांबद्दल लिहिताना तू 'आम्हाला' म्हणालास. पेपर तपासावा तशी मी तुझी पत्रं आता पुन्हा वाचली, तेव्हा तो शब्द दिसला. फेब्रुवारीत मात्र मला पाच शब्द दिसले आणि दहा गुण दिसले.

परीक्षेत पॅलिएटिव्ह विचारलं होतं. मी तुला लिहिलं होतं तेच, शब्दाला शब्द लिहिलं. पूर्ण गुण मिळाले.

कोट घातला आहे. खांदे बरोबर बसले. माया अजून उसवलेली नाही.

घड्याळजींना माझा नमस्कार सांग. ते चारला वर येतात आणि पट मांडून एकटेच बसतात असं वहिनीने कळवलं. तू खेळत जा. हरशील, हर.

आज सकाळी खिडकीशी एक माणूस आला. हातात घडी घातलेला कागद, चेहऱ्यावर तुझ्यासारखं हसू. म्हणाला, शेजाऱ्याचा रिपोर्ट आहे, एका शब्दाचा अर्थ हवा होता, सहज. शब्द मला येत होता. मी खिडकी बंद केली, बाहेर जाऊन त्याच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी आणलं आणि त्याच्याजवळ बसले. कागद हातात घेण्याआधी विचारलं, हा शेजारी त्याचा कोण लागतो.

त्याने कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मला घाई नव्हती.

यापुढे जे दुखेल ते स्वतःच्या नावाने लिहीत जा. पत्ता कुठलाही चालेल.
तुझी, ठकू